कांदा, चप्पल आणि घड्याळ

घरात कुत्रं आणायचं ठरलं की वस्तूंची यादी सुरू होते. पट्टा, साखळी, दोन थाळ्या, ब्रश, अंगाखाली घालायला जुनी गोधडी, लसींचं कार्ड. या यादीत आणखी एक वस्तू घाला असं मी सांगते, तेव्हा ऐकणारे हसतात. ती वस्तू म्हणजे सेकंदकाट्याचं घड्याळ. भिंतीवर, मधल्या खोलीत, चष्मा नसतानाही दिसेल असं मोठं. कुत्र्याला फिट आली तर घरातल्या माणसाने करायचं पहिलं काम त्या घड्याळाकडे बघणं हे आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी आपण जे करायला धावतो, त्यातलं बरंचसं न केलेलं बरं.

कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल. जीव तडफडतोय आणि ही बाई घड्याळ बघायला सांगते! पण थोडं ऐकून घ्या. गेली चार वर्षं हा विषय आमच्या घरात राहायला आलाय, म्हणून बोलते. मी जन्मभर मराठी शिकवलं, विज्ञान नव्हे. तेव्हा वैद्यकीय भाग डॉक्टरांकडून शिकलेला आणि मत तेवढं माझं, असं धरून चाला.

आमच्या नातेवाइकांना बंड्या माहीत आहे, इतरांसाठी सांगते. बंड्या हा पिवळसर लॅब्राडोर, वय सात. नातवाने हट्टाने आणला, नातू शिकायला बंगलोरला गेला आणि बंड्या साताऱ्याला आमच्या पदरात पडला. तीन वर्षांचा असताना एका पहाटे तो झोपेतच ताठ झाला. पाय काठीसारखे, मान मागे. मग चारही पाय पोहल्यासारखे चालायला लागले, जबडा कचाकचा आपटू लागला, तोंडाला फेस आला, गोधडी ओली झाली. डोळे उघडे होते, पण त्यात ओळख नव्हती. ह्यांनी नाव घेऊन हाका मारल्या, त्याला ऐकूच गेलं नाही. घड्याळात ८० सेकंद झाले आणि सगळं थांबलं. मग तो उठला आणि सरळ भिंतीला धडकला. पुढचा अर्धा तास घरभर फिरत राहिला, पाण्याच्या भांड्यात पाय घालून उभा राहिला, आम्हाला ओळखेना. नंतर एकदम शुद्धीवर आल्यासारखी शेपटी हलली आणि स्वारी पोळी मागायला आली.

डॉक्टरांनी सांगितलं की याचे तीन भाग असतात. आधीचा काळ, प्रत्यक्ष फिट आणि नंतरचा काळ. आधी काही कुत्री बेचैन होतात, कोपऱ्यात लपतात किंवा माणसाला चिकटून बसतात. काहींचं काहीच कळत नाही. प्रत्यक्ष फिट बहुधा एक-दोन मिनिटांत संपते. नंतरचा काळ काही मिनिटांचा असतो, कधी काही तासांचा, कधी दिवसभराचाही. त्यात कुत्र्याला तात्पुरतं दिसत नाही, पाय लटपटतात, भूक वखवखते. याच वेळात ते आपल्या माणसावरही दात उगारू शकतं. त्यात त्याचा राग नसतो, तो अजून पुरता परत आलेला नसतो. लहान मुलांना तेवढा वेळ लांब ठेवायचं, एवढंच.

प्रत्येक फिट इतकी उघड नसते. कधी तोंडाची एकच बाजू फडफडते, कधी एकच पाय उडत राहतो, कधी हवेत नसलेली माशी पकडल्यासारखं तोंड चालतं. तीही फिट असू शकते, दाखवून घ्यावी. उलट जे फिटसारखं दिसतं ते सगळं फिट नसतं. झोपेत पाय हलवत बारीक भुंकणारं कुत्रं स्वप्नात असतं. हाक मारली की कान टवकारतं. हृदयाच्या दुखण्याने चक्कर येऊन पडणारं कुत्रं बहुधा धावताना किंवा उत्साहाच्या भरात पडतं, ढिलं पडतं आणि लगेच उठून नीट चालतं. म्हाताऱ्या कुत्र्याची मान अचानक एका बाजूला कलली, बुबुळं भराभर हलू लागली, तोल जाऊ लागला, पण शुद्ध शाबूत असली, तर तो आतल्या कानाचा किंवा मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा बिघाड असू शकतो. हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांना ठरवता येण्यासाठी आपण नीट पाहिलेलं असावं लागतं, आणि गाडी अडते ती इथेच.

शाळेच्या प्रयोगवहीत क्रम ठरलेला असे: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आमच्याकडचे विज्ञानाचे सर मुलांना बजावायचे की निरीक्षणाची जागा रिकामी ठेवून अनुमान लिहिलंत तर शून्य गुण. फिट पाहिली की आपला समाज नेमकं तेच करतो. निरीक्षणाची जागा कोरी आणि अनुमान तयार. विषबाधा झाली, कुणाची नजर लागली, पिसाळला. आणि कृती म्हणाल तर कांदा किंवा चप्पल.

बंड्याची दुसरी फिट पाहिली तेव्हा शेजारच्या काकू फोडलेला कांदा घेऊन धावत आल्या. त्या भल्या बाई आहेत, त्यांच्या धावण्यात माया होती. त्या पोचेपर्यंत ७० सेकंद होऊन गेले होते. कांदा नाकाशी नेला आणि फिट थांबली. "बघा, कांद्याने उतरलं!" कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय. फिट आपल्या वेळेने थांबते. तेवढ्या वेळात माणूस स्वयंपाकघरात जाऊन कांदा घेऊन येतो, आणि श्रेय कांद्याला मिळतं. हातात किल्ली असती तर किल्लीला मिळालं असतं. घड्याळ पाहिलेलं असलं की हा भ्रम टिकत नाही. वहीत लिहिलेलं असतं ना, मागच्या वेळी ८०, या वेळी ७०. मागच्या वेळी कांदा कुठे होता? शिवाय कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर विषारी असतो, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हेही जाता जाता सांगून ठेवते.

कांद्याने निदान हात तरी चावला जात नाही. खरा धोका तोंडात हात घालण्याचा. कुत्रं जीभ गिळेल म्हणून लोक बोटं घालतात, चमचा घालतात. फिटमध्ये जीभ गिळली जात नाही. त्या जबड्यात बोट मात्र तुटू शकतं, आणि त्या बिचाऱ्याला कळतही नाही आपण कुणाला चावतोय. पाणीही पाजू नये, गोळीही तोंडात घालू नये; ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घट्ट धरून हालचाल थांबवू नये, थांबत नसते.

मग करायचं काय? आधी घड्याळ. मग आजूबाजूच्या खुर्च्या, टेबल सरकवायचं. कुत्रं जिन्याच्या किंवा गच्चीच्या कडेला असेल तर मागून, कमरेकडच्या बाजूने, सावकाश ओढून सुरक्षित जागी आणायचं. डोक्याखाली जमलं तर टॉवेल. टीव्ही बंद, दिवा मंद, पंखा चालू. घरात दुसरं कुत्रं असेल तर दुसऱ्या खोलीत. कधी कधी ते पडलेल्यावर धावून जातं. आणि घरात मोबाइल वापरणारं कुणी असेल तर त्याने चित्रण करायचं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की मालकाने अर्धा तास केलेल्या वर्णनापेक्षा एका मिनिटाचं चित्रण त्यांना जास्त सांगून जातं. खरंच आहे, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रं शेपटी हलवत उभं असतं आणि आपणच वेड्यासारखे दिसतो.

घड्याळाचं एवढं कौतुक का, ते आता सांगते. फिट ५ मिनिटांहून जास्त चालली तर ती आणीबाणी. तेव्हा वाट बघत बसायचं नाही, गाडी काढायची, निघतानाच डॉक्टरांना फोन करायचा. लांबलेल्या फिटमध्ये अंगाचा ताप भराभर चढतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. वाटेत पोटावर आणि पंजांवर ओलं फडकं ठेवावं. २४ तासांत दोन किंवा अधिक फिट आल्या तरी तीच घाई. एकीतून शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तरी तीच. आता भीतीच्या वेळी माणसाला मिनिटं कळतात का? शेजारच्या काकूंना विचारलं तेव्हा त्या ठाम म्हणाल्या, "दहा मिनिटं तरी तडफडत होता." ७० सेकंद होते! उलटही होतं, सहा मिनिटं झालेली असतात आणि घरचे म्हणतात, थांबेल आत्ता. मनाच्या मोजमापावर हा निर्णय सोडता येत नाही.

काही वेळा तर ५ मिनिटांचीही वाट बघू नये. उंदराचं औषध, शेतातलं कीटकनाशक, गोगलगायींचं औषध, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम यांतलं काही खाल्ल्याचा संशय असेल तर. उन्हात बंद गाडीत राहिल्यावर फिट आली तर. पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला आली तर. तिच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. अगदी लहान पिल्लाला आली तर. साखर उतरलेली असेल, किंवा लस न दिलेल्या पिल्लाला डिस्टेंपर झालेला असेल. यकृत, मूत्रपिंड, डोक्याला लागलेला मार, म्हातारपणी मेंदूतली गाठ, अशी कारणांची यादी मोठी आहे. रक्त तपासून यातलं बरंच कळतं. काहीच सापडलं नाही, आणि पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली असेल, तर बहुतेक वेळा तो जन्मजात प्रवृत्तीचा अपस्मार असतो. बंड्याचा तोच. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत तो जास्त दिसतो. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दर १६० कुत्र्यांमागे साधारण एकाला कारण न सापडलेला असा अपस्मार आढळला. म्हणजे अगदी जगावेगळं काही नाही.

उपचार आहेत, आणि जुनेच आहेत. फेनोबार्बिटोन हे औषध माणसांना १९१२ पासून देतात, तेच कुत्र्यालाही चालतं. पोटॅशियम ब्रोमाइड त्याहून जुनं, १८५७ पासूनचं. नवी औषधंही आहेत. २०१५ साली पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय अपस्मार-गटाने जे एकमत प्रसिद्ध केलं, त्यानुसार सहा महिन्यांत दोन किंवा अधिक फिट आल्या, किंवा एखादी फार लांबली, किंवा एकामागून एक आल्या, तर औषध सुरू करावं. एखादी सुटी फिट आली म्हणून लगेच जन्माचं औषध लागतंच असं नाही. पण पहिल्या फिटनंतर डॉक्टरांना दाखवायचं, हे नक्की.

औषधाचा जाच कुत्र्यापेक्षा घराला जास्त. दर १२ तासांनी गोळी, सकाळी आठ, रात्री आठ. लग्न असो, बारसं असो, आठ म्हणजे आठ. बंड्याची तहान वाढली, भूक तर विचारूच नका, सुरुवातीला दोन आठवडे तो दारू प्यायल्यासारखा झुलत चालायचा. मधून मधून रक्त तपासून औषधाचं प्रमाण आणि यकृत बघावं लागतं. आणि एक गोष्ट लाल शाईने लिहावी अशी: बरं वाटतंय म्हणून औषध एकदम बंद करायचं नाही. त्यानेच जोराच्या फिट येऊ शकतात. बंड्याला आधी महिन्याला एक यायची. मागच्या वर्षी वहीत दोनच नोंदी आहेत. औषधाने फिट पूर्ण थांबतीलच असं नसतं. कमी होतात, सौम्य होतात, आणि मधले दिवस अगदी कुत्र्याचे दिवस असतात. चिखल, झोप, चोरलेली पोळी.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहायचं कारण निराळंच आहे. ओळखीतल्या एका घरी असंच बीगल होतं. दुसऱ्या फिटनंतर त्या घरातल्या माणसांनी त्याला गाडीत घातलं आणि घाटात सोडून आले. हे आम्हाला त्यांनीच सांगितलं, चहा पिताना. "मुलं घाबरत होती हो." कुत्र्याला असं उपाशी मरायला सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा त्या कुत्र्याचंच वाटतं. फिट आल्यावर आधीच ते बावरलेलं असतं, ओळखीचा वास शोधत असतं. ती माणसं दुष्ट नव्हती, हेही सांगायला हवं. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, वही नव्हती, थांबून सांगणारं कुणी नव्हतं. नुसती भीती होती, आणि भीतीला माहिती मिळाली नाही की ती जवळच्यालाच घराबाहेर काढते.

आता दुसरी बाजू. एक वाचक मागे मला म्हणाले होते, "बाई, माणसांना औषधं मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्याच्या गोळ्यांचं कौतुक सांगता." प्रश्न चुकीचा नाही. ज्याला हा खर्च आणि ही शिस्त पेलणार नाही त्याने डॉक्टरांशी तसं मोकळेपणी बोलावं, दुसरं घर शोधावं. काही कुत्र्यांच्या फिट दोन-तीन औषधांनीही आटोक्यात येत नाहीत, दिवस दिवस हाल होतात, तेव्हा डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं हेही प्रेमच आहे. अशा मालकाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण तो निर्णय वहीतल्या नोंदींवर व्हावा. पहिल्याच पहाटे, फेस पाहून, होऊ नये.

पिसाळण्याबद्दलही बोलायला हवं, कारण रस्त्यावरच्या कुत्र्याचा जीव त्या एका शब्दाने जातो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक भटकं कुत्रं फिट येऊन पडलं आणि पाच मिनिटांत काठ्या जमल्या. फेस आला म्हणजे पिसाळलं, हे समीकरण. फिट येऊन गेलेलं कुत्रं थोड्या वेळाने पूर्ववत होतं. रेबीज झालेलं तसं होत नाही. त्याचं वागणं बदलतं, जबडा लोंबतो, घास गिळता येत नाही, दिवसागणिक ढासळत जाऊन ते थोड्याच दिवसांत मरतं. अर्थात रेबीजमध्येही झटके येतात, म्हणून अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही, लाळेला शिवायचं नाही, लांब उभं राहून बघायचं. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच लस घ्यायची, यात तडजोड नाही. पण लांब उभं राहायला काठी लागत नाही. ते कुत्रं वीस मिनिटांनी उठलं, लटपटत गटारीच्या कडेने गेलं. अजून गल्लीत आहे.

घड्याळ बघायची सवय मला बंड्यामुळे लागलेली नाही. १९८३-८४ च्या सुमारास माझ्या वर्गात आठवीतल्या एका मुलाला फिट यायची. वर्गात गोंधळ, कुणी चप्पल घेऊन धावतंय, कुणी पळतंय. आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी आम्हा शिक्षकांना बसवून सांगितलं: तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. मी वर्गातल्या दोन मुलांना ती कामं वाटून दिली. एकाने बाकं सरकवायची, एकाने वेळ सांगायची. काम हाती आलं तशी वर्गाची भीती गेली. मग त्याच्या शेजारी बसायला पोरं का-कू करेनाशी झाली. पण त्याच्या आईने मला हात जोडून सांगितलं होतं, "बाई, बाहेर बोलू नका, मुलाचं लग्न व्हायचंय." तिची भीती खोटी नव्हती. आपल्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार फेफरं येणं हे लग्न रद्द करून घ्यायचं कारण होऊ शकत होतं. तो शब्द कायद्यातून निघाला १९९९ साली. मनांतून निघायला किती वर्षं लागतील, कोण जाणे.

माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी करते म्हणून रागावू नका. दुखणं एकच आहे, आणि त्याच्याकडे पाहण्याची आपली रीतही एकच. ज्या घरातली मुलं कुत्र्याची फिट शांतपणे पाहायला शिकतात, ती उद्या एसटी स्टँडवर एखाद्या माणसाला फिट आली तर चप्पल काढणार नाहीत, असा माझा विश्वास आहे. आमची धाकटी नात नऊ वर्षांची आहे. सुट्टीत आली की वही तिच्या ताब्यात. तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय करत होता, नंतर किती वेळाने ओळखलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

शेवटी एक काम सांगते, आजच करण्यासारखं. एका कागदावर आपल्या कुत्र्याचं वजन लिहा, कारण औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. चालू औषधं लिहा. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर, ते नसतील तर दुसऱ्यांचा, आणि रात्री-अपरात्री येईल अशा गाडीवाल्याचा. कागद फ्रिजवर चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, दाखवून ठेवा. फिट येईल तेव्हा घरी कोण असेल हे आपल्या हातात नसतं.